जुन्या संगणकावर सिरीयल पोर्ट पोलिंगने वाचताना अक्षर गळू नये म्हणून

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये एक जुनी सीएनसी (आकड्यांच्या सूचनांवर चालणारी) लेथ अजूनही दोन पाळ्यांत चालते आणि तिच्या शेजारी, धूळ व कुलंटचे शिंतोडे टाळण्यासाठी केलेल्या लाकडी खोक्यात, ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरचा एक एक्सटी (आयबीएमच्या जुन्या पीसीच्या घराण्यातला) संगणक ठेवलेला आहे. लेथच्या कंट्रोलरमधले पार्ट प्रोग्रॅम, म्हणजे भाग कसा कापायचा याच्या सूचना, बॅटरीच्या जिवावर टिकतात; बॅटरी उतरली की सगळे पुसले जाते, म्हणून ते सिरीयल पोर्टवरून (एकामागून एक बिट येणाऱ्या जोडणीवरून) एक्सटीत उतरवून ठेवायचे, एवढेच त्या संगणकाचे काम. त्यासाठी मी लिहिलेल्या पहिल्या प्रोग्रॅमने वरवर पाहता ते चोख केले. फाइल उतरली, सुरुवात आणि शेवट जागच्या जागी होते. ती परत कंट्रोलरमध्ये चढवण्याआधी ऑपरेटरने छापील कागदाशी ताडून पाहिली आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, “साहेब, ह्यातला पाच कुठं गेला?” एक्स १२५.५०० च्या जागी एक्स १२.५०० आले होते. त्या मापावर टूल गेले असते, तर ते सरळ जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसले असते.

ही चूक केबलची नव्हती आणि कंट्रोलरचीही नव्हती. माझा प्रोग्रॅम पोर्टकडे पाहायला जरा उशिरा परतत होता. पोलिंग म्हणजे इंटरप्टची (अक्षर आले की चिपनेच प्रोसेसरला हटकण्याची) मदत न घेता, ‘आले का अक्षर?’ असे पोर्टला आपणच पुन्हा पुन्हा विचारणे. या पद्धतीला कमी प्रतीची मानण्याची सवय आहे, ती मला पटत नाही. संगणकाला एकच काम असेल, किंवा इंटरप्टची लाइन माऊसने अथवा दुसऱ्या कार्डाने अडवली असेल, तर नीट लिहिलेले पोलिंग इंटरप्टइतकेच भरवशाचे ठरते आणि दुरुस्त करायला सोपे असते. मात्र त्याचा हिशेब आधी मांडावा लागतो आणि तो एकाच प्रश्नाभोवती फिरतो: आपला प्रोग्रॅम पोर्टपासून जास्तीत जास्त किती वेळ दूर राहतो? सरासरी वेळ येथे कामाचा नाही. हजार वेळा वेळेवर परतून एकदा उशीर केला, तर त्या एकदाच पाच गळतो.

हिशेब कसा मांडावा

पीसी आणि एक्सटीच्या सिरीयल कार्डावर बहुधा ८२५० ही चिप असते. तारेवरून येणारे बिट ती एका शिफ्ट रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे चिपमधली छोटी साठवण) गोळा करते आणि अक्षर पुरे झाले की ते वाचण्याच्या रजिस्टरमध्ये ठेवते. या रजिस्टरमध्ये एकाच अक्षराला जागा आहे. गुऱ्हाळात घाण्याच्या नळीखाली एकच घागर ठेवावी आणि रस मात्र थांबू नये, तशी ही अवस्था आहे. दुसरे अक्षर पुरे होण्याआधी पहिले उचलले नाही, तर दुसरे पहिल्याच्या डोक्यावर येऊन बसते आणि पहिले कायमचे जाते. म्हणजे आपल्याला मिळणारी सवलत बरोबर एका अक्षराच्या वेळेइतकी असते.

हा वेळ काढताना बॉड दराला, म्हणजे तारेवर सेकंदाला जाणाऱ्या बिटांच्या संख्येला, आठाने भागण्याची चूक सर्रास होते. डेटाच्या बिटांबरोबर स्टार्ट (आरंभाचा), पॅरिटी (चूक ओळखण्याचा) आणि स्टॉप (शेवटचा) हे बिटही तारेवरून जातात. ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि १ स्टॉप बिट, अशा नेहमीच्या मांडणीत प्रत्येक अक्षराला १० बिट लागतात. सेकंदाला ९६० अक्षरे, म्हणजे एका अक्षराला सुमारे १.०४ मिलिसेकंद. आमच्या कंट्रोलरची मांडणी ४८०० बॉड, ७ डेटा बिट, सम पॅरिटी आणि २ स्टॉप बिट अशी आहे. तेथे अक्षर ११ बिटांचे होते, सेकंदाला सुमारे ४३६ अक्षरे येतात आणि प्रत्येकासाठी २.२९ मिलिसेकंद मिळतात. ४.७७ मेगाहर्ट्झवर एवढ्या वेळात प्रोसेसरची सुमारे १०,९०० आवर्तने होतात. असेंब्लीत लिहिलेला पोर्ट वाचणे, बिट तपासणे आणि परत फिरणे हा छोटा फेरा पन्नासेक आवर्तनांत होतो, म्हणजे सवड भरपूर दिसते. याच दिसण्यावर माणूस फसतो, कारण ती सवड फेरा रिकामा असेपर्यंतच असते.

आता त्या फेऱ्यात काय काय शिरते ते पाहू. आलेले अक्षर लगेच पडद्यावर दाखवायचे, हा मोह पहिला. शेवटच्या ओळीनंतर पडदा एक ओळ वर सरकवायचा, तर २४ ओळींतले १,९२० शब्द (१६ बिटांचे तुकडे) मेमरीत हलवावे लागतात आणि ८०८८ ला प्रत्येक शब्दामागे २५ आवर्तने लागतात. नुसत्या या हलवाहलवीत १० मिलिसेकंद जातात. बायोसची (संगणकात कायम असलेल्या मूळ प्रोग्रॅमची) बाकीची कामे वेगळीच. आमच्या वेगात तेवढ्या वेळात चार अक्षरे येतात. फ्लॉपीचे तर विचारूच नये. ती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे हवा तो सेक्टर डोक्याखाली येण्याची वाट पाहण्यातच २०० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतात. बंद मोटर सुरू होऊन तिने वेग घेण्याचा वेळ त्यावर आणखी. तेवढ्यात ८७ अक्षरे येऊन जातात.

यातून रोगाचे निदान करण्याची एक सोपी युक्ती मिळते. फाइलमध्ये अक्षरे कोठे गळली आहेत ते पाहावे. प्रत्येक ओळीच्या आरंभीची तीन-चार अक्षरे नाहीशी होत असतील, तर पडदा सरकतो आहे. पाचशे-हजार अक्षरे नीट येऊन मग एक मोठा तुकडाच गायब होत असेल, तर डिस्कवर लिहिणे चालू आहे. माझ्या फाइलमध्ये बरोबर शंभर-शंभर अक्षरांच्या अंतराने एकेक अक्षर गेले होते, आणि दर शंभर अक्षरांनंतर ‘इतकी अक्षरे आली’ असा आकडा मीच डॉसमार्फत (संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममार्फत) पडद्यावर छापत होतो. प्रगती दाखवण्याच्या हौसेने तो पाच खाल्ला होता.

पोर्ट तयार करणे

येथे पत्ते दशमान अंकांत देतो, कारण बेसिक आणि टर्बो पास्कल या दोन्हींत ते तसेच चालतात. कॉम-१ चा पहिला पत्ता १०१६ आहे आणि कॉम-२ चा ७६०. पुढची रजिस्टरे क्रमाने येतात. पुढे सगळीकडे कॉम-१ धरला आहे.

प्रथम १०१९ वर १५८ लिहावे. यातले ३० म्हणजे ७ बिट, सम पॅरिटी, २ स्टॉप, आणि १२८ म्हणजे वेगाचा भाजक लिहिण्याचे दार उघडणे. मग १०१६ वर २४ आणि १०१७ वर ० लिहावे; चिपच्या १.८४३२ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला १६ ने भागून येणाऱ्या १,१५,२०० ला २४ ने भागले की ४८०० मिळतात. ९६०० साठी हा भाजक १२ असतो. नंतर १०१९ वर नुसते ३० लिहून दार बंद करावे. हे विसरले तर पुढे अक्षर वाचायला जाऊ तेथे भाजकच हाती येतो. ज्यांची मांडणी ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप अशी असेल, त्यांनी १५८ आणि ३० यांच्या जागी अनुक्रमे १३१ आणि ३ घ्यावेत. त्यानंतर १०१७ वर ० लिहून चिपचे सगळे इंटरप्ट बंद करावेत, १०२० वर ३ लिहून डीटीआर (‘मी तयार आहे’ सांगणारी) आणि आरटीएस (‘पाठव’ सांगणारी) या दोन्ही रेषा चालू कराव्यात, आणि शेवटी १०२१ व १०१६ एकेकदा वाचून आधीचे काही पडून राहिले असेल तर ते फेकून द्यावे.

हे सगळे बायोसच्या सेवेकडून करून घेता येते आणि अक्षर वाचण्याची सेवाही तेथे आहे, पण ती प्रत्येक अक्षरासाठी आपल्या समजुतीने रेषा वरखाली करते आणि डीएसआरची, म्हणजे समोरचा तयार असल्याच्या रेषेची, वाट पाहते. तीन तारांच्या केबलवर तिच्याशी झगडण्यापेक्षा पोर्ट स्वतः वाचणे बरे.

वाचण्याचा फेरा

मूळ फेरा असा आहे. १०२१ वाचून त्याची किंमत एका चलात ठेवावी. त्या चलातला १ चा बिट चालू असेल तरच १०१६ वरून अक्षर उचलावे आणि ताबडतोब बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) टाकावे. मग त्याच चलातला २ चा बिट तपासावा. तो चालू असेल तर ओव्हररन झाला आहे, म्हणजे या आधीचे अक्षर गेले आहे. ४ चा बिट पॅरिटीची चूक सांगतो आणि ८ चा बिट स्टॉप बिट जागेवर न सापडल्याचे.

‘त्याच चलातला’ या शब्दांवर मी मुद्दाम जोर देतो. १०२१ हे रजिस्टर वाचले की त्यातले चुकांचे बिट आपोआप पुसले जातात. एका ओळीत ‘अक्षर आले का’ म्हणून ते वाचले आणि पुढच्या ओळीत ‘ओव्हररन झाला का’ म्हणून पुन्हा वाचले, तर दुसऱ्या वेळी उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असे येणार. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये हेच घडले होते. चूक मोजण्याची सोय होती, ती शून्य दाखवत होती आणि त्या शून्यावर मी विश्वास ठेवला होता. ओव्हररन झाल्यास नुसती संख्या न वाढवता तो बफरच्या कितव्या अक्षराशी झाला हेही नोंदवावे. कोणते अक्षर गेले याची जागा हातात येते आणि वर सांगितलेले निदान फाइल न चाळताही करता येते.

असा फेरा इतर चिपवरही चालतो, फक्त बिट बदलतात. बीबीसी मायक्रोमधल्या ६८५० मध्ये अक्षर आल्याचा बिट १ चा आणि ओव्हररनचा ३२ चा; ६५५१ मध्ये तेच अनुक्रमे ८ आणि ४. झेड-८० च्या एसआयओमध्ये तीन अक्षरांची रांग असल्यामुळे थोडी जास्त सवलत मिळते. कमोडोर ६४ सारख्या यंत्रात मात्र अशी चिपच नाही. तेथे प्रत्येक बिट सॉफ्टवेअरने मोजावा लागतो आणि तो वेगळाच विषय आहे.

भाषेविषयी एक सूचना. इंटरप्रिटरवर चालणाऱ्या बेसिकमध्ये पोर्ट वाचून तपासणाऱ्या एका ओळीलाच या संगणकावर काही मिलिसेकंद लागतात. ३०० बॉडला ते चालून जाईल, ४८०० ला नाही. टर्बो पास्कलमधला पोर्ट हा अ‍ॅरे थेट यंत्रभाषेतल्या सूचनेत उतरतो, त्यामुळे आमच्या वेगासाठी असेंब्लीची गरज पडली नाही.

आधी साठवा, मग पाहा

सर्वांत खात्रीचा उपाय अगदी साधा आहे: अक्षरे येत असताना डिस्ककडे वळूच नये. जुन्या कंट्रोलरची मेमरी कागदी टेपच्या मीटरमध्ये सांगितली जायची. टेपवर एका इंचात १० अक्षरे बसतात, तेव्हा ४० मीटर टेपची मेमरी म्हणजे सुमारे १५,७०० अक्षरे झाली. पास्कलमध्ये ६०,००० अक्षरांचा एकच अ‍ॅरे सहज घेता येतो. तो भरायला आमच्या वेगात सव्वादोन मिनिटे लागतील आणि कंट्रोलरमधले सगळे त्याच्या पाव भागाहून थोड्याच जास्त जागेत मावते. सगळे मेमरीत घ्यावे, शेवट झाला की पोर्ट सोडावा आणि मग निवांतपणे डिस्कवर लिहावे. शेवट ओळखण्यासाठी सीएनसीच्या फाइलमध्ये आरंभी आणि अखेरीस येणारे टक्क्याचे चिन्ह उपयोगी पडते. त्याच्या जोडीला, दोन सेकंद काहीच आले नाही तर थांबावे. त्यासाठी डॉसला वेळ विचारू नये, तर बायोस जेथे घड्याळाचे टिक (ठोके) मोजतो ती मेमरी, सेगमेंट ६४ मधला १०८ वा पत्ता, सरळ वाचावी. सेकंदाला १८.२ टिक होतात, म्हणून ३६ टिकांचे अंतर पुरते.

प्रगती दाखवायचीच असेल, तर पडद्याच्या मेमरीत एका कोपऱ्यातले एकच अक्षर बदलावे. रंगीत कार्डावर ती मेमरी सेगमेंट ४७१०४ पासून सुरू होते आणि एकरंगी कार्डावर ४५०५६ पासून. एक फिरती काडी पुरेशी आहे, आकडा नको.

डेटा मेमरीपेक्षा मोठा असेल किंवा तो थांबतच नसेल, तर गोल बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारा) आणि थांबण्याची खूण यांना पर्याय नाही. गोल बफर ४,०९६ अक्षरांचा घेतला तर निर्देशांक वाढवल्यावर त्याचा ४,०९५ शी ‘अँड’ केला की तो आपोआप सुरुवातीला येतो; भागाकार टाळला जातो, आणि ८०८८ वर १६ बिटांच्या एका भागाकाराला दीडशेच्या आसपास आवर्तने लागतात हे लक्षात घेता ते बरेच. बफरमध्ये ३,०७२ अक्षरे साठली की ‘थांब’ म्हणावे आणि १,०२४ उरली की ‘चालू दे’. ‘थांब’ म्हणण्याची जागा बफर भरण्याच्या बरीच आधी ठेवण्याचे कारण असे की पाठवणारा ऐकल्याबरोबर थांबत नाही. त्याच्या हातातली अक्षरे तो पुरी करतो, आणि पलीकडे यूएसबी कन्व्हर्टर लावलेला नवा संगणक असेल, तर त्या कन्व्हर्टरच्या पोटातलीही अक्षरे येत राहू शकतात. म्हणून खूण केल्यावर लगेच डिस्ककडे धाव घेऊ नये. वाचत राहावे, आणि पोर्ट ठरावीक काळ गप्प राहिला की मगच जावे. सरळ केबलवर मी हा काळ २० मिलिसेकंद धरतो, कन्व्हर्टर असेल तर २००.

खूण दोन प्रकारे करता येते. सॉफ्टवेअरने करायची तर १९ हे अक्षर पाठवल्यावर समोरचा थांबतो आणि १७ पाठवल्यावर पुन्हा सुरू होतो. पाठवण्याआधी १०२१ मधला ३२ चा बिट चालू होईपर्यंत थांबावे लागते, आणि या थांबण्याच्या फेऱ्यातही येणारी अक्षरे उचलत राहावे. बहुतेकांचे अक्षर नेमके येथे गळते, कारण ‘पाठवणे’ हे वेगळे काम समजून तेथे पोलिंग घालायचे राहून जाते. दुसरा प्रकार रेषेचा: १०२० वर ३ ऐवजी १ लिहिले की आरटीएस खाली जातो आणि परत ३ लिहिले की वर येतो.

रेषेचा प्रकार वापरण्याआधी केबलचे टोक उघडून पाहावे, ही विनंती. बाजारातून आणलेल्या एका केबलवर माझी पूर्ण दुपार गेली. आरटीएस खाली जात होता, मीटरवर ते दिसतही होते, पण पलीकडचा बिनदिक्कत पाठवत होता. शेवटी स्क्रू काढून हूड उघडला, तर दोन्ही टोकांना ७ आणि ८ क्रमांकाच्या पिना आतल्या आत एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि केबलमधून धावत होत्या फक्त तीन तारा. प्रत्येक यंत्राचा आरटीएस त्याच्याच सीटीएसला (पाठवण्याची परवानगी ऐकणाऱ्या रेषेला) ‘चालू दे’ म्हणत होता. ९ पिनांच्या दोन टोकांत २ आणि ३ एकमेकींत उलटसुलट, ७ आणि ८ एकमेकींत उलटसुलट, आणि ५ सरळ ५ ला, एवढ्या पाच तारा तरी खऱ्याखुऱ्या हव्यात.

सगळ्याच डेटाला ही तपश्चर्या लागत नाही, हेही सांगायला हवे. आपल्याकडे दूध संस्थेतला काटा संगणकाला जोडलेला असतो आणि तो तेच वजन पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. तेथे एखादी ओळ अर्धवट आली तर ती टाकून पुढची घ्यावी. ओळीची लांबी आणि शेवटचे चिन्ह तपासले की झाले. बफरच्या खटाटोपापेक्षा ते शहाणपणाचे.

टिक आणि वेग

पोलिंग चालू असतानाही संगणकाचे स्वतःचे इंटरप्ट येत राहतात. घड्याळाचा टिक दर ५४.९ मिलिसेकंदांनी येतो, आणि त्याला लटकलेले एखादे मेमरीनिवासी घड्याळ किंवा कॅलेंडर असेल तर त्याला लागणारा वेळ कोणी मोजलेला नसतो. अशा गोष्टी काढून संगणक स्वच्छ सुरू करावा. ९६०० पर्यंत नुसत्या टिकाने सहसा बिघडत नाही. १,१५,२०० वर मात्र एका अक्षराला ८७ मायक्रोसेकंदच मिळतात, आणि तेथे पोर्ट ३३ वरच्या, इंटरप्ट अडवणाऱ्या मास्कमध्ये १ चा बिट चालू करून टिक तात्पुरता बंद ठेवावा लागतो. त्या काळात डॉसचे घड्याळ मागे पडते आणि फ्लॉपीची मोटर चालू राहिली असेल तर ती बंद होत नाही, कारण ती बंद करण्याची मोजणीही टिकच करतो. दोन सेकंद मोजण्याची वर सांगितलेली युक्तीही तेव्हा चालत नाही. त्याऐवजी रिकाम्या फेऱ्यांची संख्या मोजावी.

कार्डावरची चिप सॉकेटमध्ये असेल, तर ८२५० किंवा १६४५० काढून तेथे १६५५०ए बसवणे हा उत्तम खर्च आहे. तिच्यात १६ अक्षरांची रांग आहे. १०१८ वर १ लिहून तोच पत्ता वाचला आणि वरचे दोन्ही बिट, म्हणजे १२८ आणि ६४, चालू दिसले तर रांग कामाला लागली आहे. ९६०० वर यामुळे सवलत १ मिलिसेकंदावरून साधारण १६ वर जाते. पडदा सरकणे त्यात निभावते, फ्लॉपी निभावत नाही.

खात्री करणे

प्रोग्रॅम बरोबर आहे असे वाटणे आणि असणे यांतले अंतर मोजूनच मिटते. समांतर पोर्ट मोकळा असेल तर प्रत्येक पोलच्या वेळी ८८८ वर आळीपाळीने १ आणि ० लिहावेत आणि २ क्रमांकाच्या पिनेवर ऑसिलोस्कोप लावावा. तरंगाचा सर्वांत रुंद भाग म्हणजे आपली सर्वांत लांब अनुपस्थिती. ती एका अक्षराच्या वेळेच्या निम्म्याहून कमी असावी, असा माझा दंडक आहे. ऑसिलोस्कोप नसेल तर संगणकातल्या ८२५३ टायमरने मोजता येते, पण बायोस त्याला ज्या पद्धतीने चालवतो तीत तो दोन-दोनने उतरतो. पोर्ट ६७ वर ५२ आणि मग पोर्ट ६४ वर दोनदा ० लिहिले की तो एकेकाने उतरू लागतो आणि प्रत्येक पायरी ०.८३८ मायक्रोसेकंदांची होते. वाचताना पोर्ट ६७ वर ० लिहून मोजणी पकडावी आणि पोर्ट ६४ दोनदा वाचावा. आधी खालचा बाइट येतो, मग वरचा.

शेवटची परीक्षा दुसऱ्या संगणकाकडून घ्यावी. त्याने ३२ ते १२६ ही अक्षरे ओळीने, न थांबता, पुन्हा पुन्हा पाठवावीत. १७ आणि १९ या खुणा त्यांत येत नाहीत हा फायदा. आपल्या बाजूला पुढचे अपेक्षित अक्षर आणि आलेले अक्षर ताडून पाहावे. हे चालू असताना कीबोर्डवर उगाच बोटे फिरवावीत, पडद्यावरची काडी फिरू द्यावी, आणि प्रत्यक्ष कामात डिस्कवर लिहायचे असेल तर तेही करून घ्यावे. उद्यमनगरातला एक्सटी मी अशा परीक्षेला रात्रभर लावला होता. सकाळी सातच्या पाळीला ऑपरेटरने खोके उघडले तेव्हा काडी फिरत होती आणि ओव्हररनच्या रकान्यात शून्य होते. या वेळी तो बिट एकदाच वाचला जात होता. तरी त्याने लेथवरचा प्रोग्रॅम उतरवून पुन्हा कागदाशी ताडला, आणि १२५.५०० वर पेन्सिलीने खूण केली.